पारसशेठ आणि दाराजवळची सीट

पारसशेठ कुठल्याही खुर्चीत बसण्याआधी ती खुर्ची मोजतात.

नजरेनं नव्हे, टेपनं. शर्टाच्या वरच्या खिशात शिंप्याकडची पिवळी टेप गुंडाळून ठेवलेली असते. कुणाच्या घरी गेले, 'या, बसा' झालं, की ते आधी टेप काढतात, खुर्चीच्या पाठीपासून समोरच्या टीपॉयपर्यंत लावतात, ओठांतल्या ओठांत आकडा म्हणतात आणि मग एक तर बसतात किंवा टीपॉय सरकवतात. आमच्या घरातला टीपॉय वीस वर्षं भिंतीला चिकटून आहे. चहा ठेवायला तो कुणाच्याच हाताशी येत नाही. पण रोज सरकवण्यापेक्षा हे बरं, असं आमच्या सौ.नं ठरवून टाकलं.

त्यांचीही काही चूक नाही. उंची सहा फूट चार इंच आणि त्यातला बराचसा माल पायांत. बसलेले असले की तुमच्या-आमच्याएवढेच दिसतात. उठायला लागले की मात्र उठतच राहतात. नवख्या माणसाला वाटतं, झालं उठून. तर अजून एक मजला बाकी असतो.

त्यांचे आजोबा राजस्थानातून घोडेगावात आले आणि बाजारपेठेत लोखंडाचं दुकान टाकून बसले. बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, नळ, खिळे, पत्रे. तिसऱ्या पिढीत पारसशेठ. देवाशी आणि घरातल्या बायकांशी मारवाडी, बाकी सगळ्या जगाशी घोडेगावची मराठी. मी तिथल्याच शाळेत भूगोल शिकवायचो आणि दुकानाच्या समोरच राहतो. त्यामुळे निवृत्त झाल्यावर माझी सकाळ वर्तमानपत्राच्या खालोखाल पारसशेठांवर जाते.

या पायांनी त्यांना आयुष्यभर छळलं. पंगतीत मांडी घालून बसले तर दोन्ही गुडघे शेजाऱ्यांच्या पानांवर यायचे. मग पाय पुढे सोडून बसायचे, आणि वाढपी लोक वरणाची बादली घेऊन त्यांच्या नडग्यांशी आल्यावर थबकायचे. मंचरच्या एसटीत त्यांची जागा ठरलेली, दाराजवळची पहिली. ती भरलेली असली तर पुढच्या गाडीनं जायचे, पण मागच्या सीटवर दुमडून बसायचे नाहीत. "मास्तर, माणूस म्हंजी काय घडीची खुर्ची व्हय?" असं विचारायचे.

अशा माणसाचा मुलगा अमेरिकेला जाऊन राहिला. निलेश त्याचं नाव. आणि पंधरा-सोळा तासांचा विमानप्रवास पारसशेठांच्या नशिबी आला.

पहिल्या वेळी ते आणि विमलबाई, दोघं गेले. विमलबाई उंचीला त्यांच्या कोपरापर्यंत. ही जोडी रस्त्यानं चालली की लांबून बाप-लेकीसारखी वाटायची. विमानतळावर तिकिटाच्या काउंटरपाशी पारसशेठ गप्प उभे होते, कारण तिथली मुलगी इंग्रजीत बोलत होती. विमलबाई पुढे झाल्या. त्यांनी काउंटरवर हात टेकवून मराठीतच सांगितलं, "बाई, मला कुठंबी बसव. पण ह्यांचे पाय एकदा बघ." ती मुलगी खरोखरच उठली, वाकून काउंटरच्या पलीकडे पाहिलं, हसली आणि म्हणाली, "सर, मी तुम्हाला इमर्जन्सी एक्झिटची सीट देते."

तेव्हापासून पारसशेठांना त्या सीटचा जो नाद लागला, तो लागलाच.

विमानात जिथे आणीबाणीचं दार असतं, तिथे दारापाशी जाता यावं म्हणून सीटच्या पुढे मोकळी जागा सोडलेली असते. पाय सरळ लांब करता येतात. एवढीच खरं तर गोष्ट. पण पारसशेठांनी त्या जागेचं शास्त्र करून टाकलं. तिकीट काढलं की विमानाच्या सीटांचा नकाशा मोबाइलवर मोठा करून ते आठवडाभर बघत बसायचे. लग्नाआधी पत्रिकेत लोक मंगळ शोधतात तसे दोष शोधायचे.

"ह्या खिडकीच्या सीटवर बसायचं नाय मास्तर. दाराचं पोट आत आलेलं असतंय, गुडघा लागतो. आन ही बघा, ही संडासाच्या समोर. पाय पसरले की येणारा-जाणारा तुडवतोय."

"मग ही मधली घ्या."

"मधली चालंल. पण ध्यानात ठेवा, हितं टीव्ही आन जेवायचा पाट खुर्चीच्या हँडलातून काढावा लागतो. त्यामुळं हँडल वर व्हत न्हाई. मांडीला जरा दाटतंय. दाराजवळ गारठा लई, सॉक्स दोन घालायचे. पिशवी पायाशी ठेवू देत न्हाईत, सगळं वर." मग एकदम समाधानानं, "पण पाय? पाय सोडले की थेट मोकळे!"

ही सगळी माहिती त्यांनी मला माझ्याकडे पासपोर्टही नसताना दिली होती. गावातल्या न्हाव्याला, पोस्टमनला आणि बिजागरी घ्यायला आलेल्या गवंड्यालाही दिली होती.

टेपचा उगमही तिथलाच. पूर्वी ते दुकानातली स्टीलची टेप घेऊन जायचे. तपासणीच्या वेळी विमानतळावरच्या जवानानं ती काढून घेतली. पारसशेठांनी त्याच्याशी वाद घातला नाही. टेपची पट्टी चांगल्या प्रतीची आहे, जपून वापरा, एवढंच सांगितलं. परत आल्यावर शिंप्याकडून कापडी घेतली.

पण त्या सीटला एक अट असते. विमान सुटण्याआधी हवाई सुंदरी येऊन विचारते, की तुम्ही आणीबाणीच्या दारापाशी बसला आहात. तशीच वेळ आली तर मदत करायला तुम्ही तयार आहात का आणि तुम्हाला ते जमेल का? 'विलिंग अँड एबल' असे तिचे शब्द असतात. होकार तोंडानं द्यावा लागतो, नुसती मान हलवून चालत नाही. पारसशेठांनी निलेशकडून त्या वाक्याचा अर्थ समजून घेतला, उत्तर पाठ केलं, आणि पुढच्या प्रवासात ताठ बसून सांगितलं, "येस मॅडम. विलिंग अँड एबल."

हे शब्द त्यांना इतके आवडले की ते घोडेगावात घेऊन आले. गणपतीच्या मंडपाचे बांबू धरायला कुणी बोलावलं की, "विलिंग अँड एबल!" लग्नाचं आमंत्रण आलं की, "विलिंग अँड एबल!" ते जैन, सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. एकदा दिवेलागणीला आमच्याकडे आले तेव्हा सौ.नं चहाचं विचारलं. त्यांनी खिडकीतून आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, विलिंग. पण एबल न्हाई."

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. विमानाचं दार उघडायला ताकद लागते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. लोखंडवाल्याला दाराचं वजन समजावून सांगावं लागत नाही. तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडलं की ते खिळ्यांची वीस किलोची गोणी दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलायचे, दहा वेळा. मग अंगठ्यानं कपाळ पुसून स्टुलावर बसायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, शेठ माल हलवतात. मला माहीत होतं, शेठ विमानाचं दार उघडतात.

सहा वर्षांपूर्वी विमलबाई गेल्या. त्यानंतर दोनेक वर्षांत दुकान पुतण्यानं हातात घेतलं. चांगला मुलगा आहे. कॉम्प्युटर आणला, मालाला बारकोड लावले, चुलत्यासाठी पंखा बसवला. पारसशेठ स्टुलावर बसतात. गिऱ्हाईक आलं की आधी त्यांच्याकडे बघून नमस्कार करतं आणि मग पुतण्याला विचारतं, "दादा, दीड इंची आहे का?" मी समोरून हे रोज बघायचो. पण बघितलेलं सगळं आपल्याला दिसतंच असं नाही.

यंदा मे महिन्यात माझ्यावर अमेरिकेला जायची वेळ आली. लेकीचं बाळंतपण होतं. सौ. दोन महिने आधीच गेली होती. पारसशेठ निलेशकडे निघालेच होते. आपल्याच विमानाचं माझं तिकीट काढायला लावून त्यांनी मला ताब्यात घेतलं. माझी उंची पाच फूट तीन इंच. दाराजवळच्या सीटची मला गरज नाही, असं त्यांनीच ठरवलं. "तुमचे पाय कुटंबी मावत्यात मास्तर. तुमी भाग्यवान."

त्यांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे भूगोल.

"मास्तर, विमान सकाळी अकराला सुटणार. सूर्यास्त कुठला धरायचा? घोडेगावचा, का खाली जे गाव असंल त्याचा?"

मी चेंडू आणि टॉर्च घेऊन त्यांना समजावलं. आपण पश्चिमेकडे, म्हणजे सूर्याच्याच दिशेनं जाणार. पृथ्वी फिरते, आपणही तिच्या उलट धावतो. त्यामुळे उन्हाळ्यात या वेळेच्या विमानात सूर्य मावळतच नाही. तिथे उतरू तेव्हा तिथली संध्याकाळ नुकती सुरू होत असेल.

ते बराच वेळ चेंडूकडे बघत राहिले. "म्हंजी सोळा तास दिवसच?"

"दिवसच."

"मग खाखरे वाढवून घ्यायला पायजेत."

त्याच दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. सकाळची गोणी उचलणं बंद होतं. विचारलं तर म्हणाले, "उन्हाळ्यात व्यायाम कमी करावा." रस्त्यापलीकडून मला हात करायचे तोही डावा. पुढे पुतण्याकडून कळलं, की माळ्यावरून काहीतरी काढताना ते शिडीवरून घसरले आणि उजवा खांदा तेव्हापासून आखडला. डॉक्टरांचं औषध चालू होतं. "काकांना म्हणलं, मला सांगायचं ना, मी काढलं असतं," पुतण्या म्हणाला. "ऐकतच नाहीत."

मुंबईला विमानात चढलो. पारसशेठांची सीट दाराजवळची, माझी सात-आठ ओळी मागे. त्यांच्या जागेपर्यंत मी बरोबर गेलो. त्यांनी आपली पिशवी एकदा बघितली, वरचा कप्पा बघितला आणि नुसतेच उभे राहिले. डोकं जवळपास कप्प्याला टेकलेलं. मग मीच चवड्यांवर उभा राहून, दात-ओठ खाऊन ती पिशवी वर ढकलली. शेजारचे लोक आमच्याकडे बघत होते. सहा फुटी माणूस शांतपणे उभा आणि पाच फुटी माणूस त्याची पिशवी वर चढवतोय. पारसशेठ खिडकीबाहेर बघत होते.

मग ते बसले. टेप लावायची गरजच नव्हती, तरी लावली. पाय सरळ सोडले आणि डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. एवढं सुख मी त्यांच्या चेहऱ्यावर मागे कधी पाहिलं ते मला आठवेना.

तेवढ्यात हवाई सुंदरी आली. छातीवरच्या नावावरून आपल्याकडचीच मुलगी वाटत होती, पण बोलली इंग्रजीत. पाठ केलेलं सगळं म्हणून झाल्यावर तिनं विचारलं, "सर, आर यू विलिंग अँड एबल टू असिस्ट?"

पारसशेठांनी तोंड उघडलं. "येस मॅडम," म्हणाले. "विलिंग."

ती थांबली. "अँड एबल, सर?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. दाराला भलंमोठं हँडल होतं आणि ते वर ओढायचं असतं, असं बाणाचं चित्र होतं. मग मान वळवून त्यांनी मागे पाहिलं. बराच वेळ.

मला काही राहवेना. मी वाकून त्यांच्या कानाशी म्हणालो, "अहो, हो म्हणून टाका. दार उघडायची वेळ कशाला येतेय?"

"हो म्हणायला काय जातंय मास्तर," ते हळूच म्हणाले. "पण मागं बघा की जरा."

मी पाहिलं. मागे माणसंच माणसं. कुणी पिशव्या कोंबत होतं, कुणी फोनवर 'बसलो, बसलो' सांगत होतं. एक बाई मांडीवरच्या बाळाचे मोजे शोधत होती.

"एबल न्हाई," पारसशेठ त्या मुलीला म्हणाले.

तिला वाटलं, भाषेची अडचण आहे. ती पटकन मराठीत आली. "काका, घाबरू नका. मी फक्त विचारतेय, की गरज पडली तर मदत कराल ना?"

"बाई, मला समजलंय. पयल्यांदा न्हाई बसत मी हितं. माझा उजवा हात वर जात न्हाई. ते हँडल मला ओढणार न्हाई." मग पाय आवरत, "तुमी दुसरं कुणीतरी बसवा. धट्टंकट्टं."

तिनं त्यांच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "थँक यू, काका," आणि ते तिनं मनापासून म्हटलं असं मला वाटलं.

अदलाबदल झाली ती नेमकी माझ्याच ओळीत. आमच्या ओळीत तीन सीटा. कडेची माझी, खिडकीशी एक म्हातारी, आणि मधल्या सीटवर एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं लगेच होकार दिला आणि पुढे गेली. उंची जेमतेम पाच फूट. दाराजवळच्या सीटवर बसली, बूट काढले, दोन्ही पाय वर सीटवर घेतले, अंगाचं मुटकुळं केलं आणि झोपून गेली. तिच्यापुढची ती सगळी मोकळी जागा तशीच पडून राहिली.

पारसशेठांना मी माझी कडेची सीट दिली आणि मधे सरकलो. ते मान उंच करून पुढे बघत होते.

"मास्तर, जागा रिकामी पडलीय हो."

"जाऊ द्या आता."

"नाय, माझं काय न्हाई. पण जागेला काय वाटत असंल?"

हे ऐकून खिडकीशी बसलेली म्हातारी एकदम आमच्याकडे वळली. नऊवारी, वर लोकरीचा स्वेटर, पायांत नवे कोरे बूट, गळ्यात प्लॅस्टिकचं पाकीट. पाकिटात कागद होता, ही बाई फक्त मराठी बोलते, हिला घ्यायला मुलगा येणार आहे, असा मजकूर इंग्रजीत आणि मराठीत. आतापर्यंत ती पुढच्या सीटला दोन्ही हातांनी धरून मुकाट्यानं बसली होती.

"आरं द्येवा," ती म्हणाली, "मराठी बोलतंय की कुणीतरी! मला वाटलं, तुमी समदी सायबाचीच माणसं."

"आजी, आमी घोडेगावची," पारसशेठ म्हणाले. "तुमी कुठल्या?"

"खोडदची. त्या आभाळ बघायच्या दुर्बिणीच्या मोठाल्या थाळ्या हायती न्हवं, त्यातली एक आमच्या बांधालाच हाय. माझा पोरगा ल्हानपणापासून तीच बघायचा. बघत बघत शिकला आन पार तिकडं जाऊन बसला." मग मला ओलांडून पुढे वाकत तिनं विचारलं, "पावणं, हितून दिसंल का ओ थाळी?"

"हे मास्तर सांगतील, ह्यांचा भूगोल हाये," असं म्हणून पारसशेठांनी ते माझ्यावर ढकललं. तोवर विमान समुद्रावर आलं होतं. मी म्हणालो, थाळी मागे राहिली. म्हातारीनं तरीही खिडकीला कपाळ लावलं.

तिचं नाव हौसाबाई. तीन तास गेले. जेवण आलं, तिनं दोन घास खाल्ले. पाणी आलं की मात्र हात हलवून नको म्हणायची. दुसऱ्यांदा नको म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणाली. माझ्या ते ध्यानातही आलं नसतं. पारसशेठ मात्र सूर्यास्तानंतर तहान दाबून बसणारा माणूस. ओठांवरून जीभ कशासाठी फिरते ते त्यांना कळतं.

"आजी, पाणी का घेत न्हाई?"

"तहान न्हाई."

"सकाळपासनं?"

तिनं आजूबाजूला पाहिलं. मग पदर तोंडाशी धरून म्हणाली, "मोरी कुठं असती हितं, ते कुणाला इचारायचं?"

पारसशेठ लगेच उठले. "चला."

मी बसल्या जागेवरून बघत होतो. संडासाचं दार मधून दुमडणारं. हौसाबाई ते ओढायला लागली. "वढू नका. मधी ढकला. आस्सं." दार दुमडलं तशी ती दचकून मागे आली.

"आन आत अडकले म्हंजी?"

"कडी लावूच नका. मी हितं उभा हाये. कुणी येत न्हाई."

ती आत गेली. पारसशेठ दाराकडे पाठ करून, दोन्ही पाय फाकवून उभे राहिले. वाटच बंद झाली. एक गोरा गृहस्थ आला, त्याला डावा हात दाखवून म्हणाले, "वन मिनिट. लेडीज." तो मुकाट्यानं दुसऱ्या बाजूला गेला.

परत आल्यावर हौसाबाईनं पाण्याची बाटली एका दमात संपवली आणि दुसरी मागितली. साहजिकच तासाभरानं पुन्हा जाणं आलं. पुढे तिला बोलावंही लागेना. ती नुसती पदर सावरायची आणि पारसशेठ उठायचे.

मधे एकदा ती आत असताना मी पाय मोकळे करायला मागे गेलो आणि त्यांच्याशेजारी उभा राहिलो. खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. बाहेर लख्ख ऊन आणि आत सगळं विमान झोपलेलं.

"लई जिवावर आलं का हो, ती सीट सोडायचं?" मी विचारलं.

त्यांनी आधी वाटेवर नजर टाकली. मग दाराला पाठ तशीच ठेवून म्हणाले, "पायांचं काय मास्तर. पाय दुखतील, ऱ्हातील. ती पोरगी येऊन इचारते ना, त्याचं वाईट वाटलं."

"कुठली पोरगी?"

"कुठलीबी. दरवेळी दुसरी असती. पण येऊन इचारते, काका, वेळ आली तर मदत कराल ना? आन इचारून थांबते हो, उत्तरासाठी." ते थोडे हसले. "दुकानात मला आता कोण इचारतंय? पुतण्या म्हणतो, काका, बसा. निलेशकडं गेलो की तो म्हणतो, पप्पा, कायबी करू नका, आराम करा. मायेनंच म्हणत्यात, त्यांचं कुठं चुकतंय? विमल असताना रोज हाक यायची. अहो, वरचा डबा काढून द्या. अहो, बल्ब गेलाय. ती गेल्यापासून वरचे डबे सगळे खाली आलेत. पुतण्याच्या बायकोनं सगळी सोय खाली करून दिली."

आतून हौसाबाईची हाक आली. "पावणं, हायसा का?"

"हाये, आजी. हितंच हाये."

मी परत जागेवर येऊन बसलो. वीस वर्षं समोर राहून मी त्यांच्या टेपवर हसत होतो. घरी टीपॉय भिंतीला लावला आणि आपण त्यांची सोय केली असं समजत होतो.

पुढे विमान हलायला लागलं. बेल्ट बांधायची सूचना झाली. हौसाबाईनं पुन्हा पुढची सीट घट्ट धरली आणि डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला लागली. पारसशेठ माझ्याकडे वाकले. "मास्तर, तुमी कडंला या. मी मधी बसतो. आजीला माझी सवय झालीय."

"अहो, मधे तुमचे पाय—"

"या हो तुमी."

आम्ही जागा बदलल्या. विमानातली सगळ्यात अडचणीची सीट ती, आणि ते तीत कसे शिरले ते मी डोळ्यांनी पाहिलं. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग दोन्ही पुढच्या सीटच्या पाठीला टेकले आणि तिथेच अडकले. हौसाबाईनं त्यांचा उजवा दंड दोन्ही हातांनी धरला. तोच खांदा. त्यांचा चेहरा एकदा आवळला, पण हात काढून घेतला नाही. पिशवीतला खाखरा काढून डाव्या हातानं तिच्यापुढे धरला. "खावा आजी. आज सूर्य मावळायचाच न्हाई. मास्तरांनी सांगितलंय."

"काय तरी बाई," असं म्हणून तिनं खाखरा खाल्ला.

हळूहळू हलणं थांबलं. हौसाबाईची मान कलली आणि तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर येऊन टेकलं. किती दिवसांची झोप होती कुणास ठाऊक, ती घोरायलाच लागली. बेल्टचा दिवा विझला. मी कडेला, पलीकडची वाट मोकळी. मी त्यांना खूण केली, की उठा, जरा पाय मोकळे करून या. त्यांनी डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

तासाभरानं मी पुन्हा खूण केली. पुन्हा बोट ओठांवर.

असे साडेचार तास गेले. मी मधून मधून डुलक्या काढल्या, उठलो, फेऱ्या मारल्या, चहा घेतला. पारसशेठ तसेच. गुडघे पुढच्या सीटवर, पाठ ताठ, खांदा किंचित खाली केलेला, तिच्या डोक्याला नीट लागावा म्हणून. झोपलेही नव्हते. जागे होते आणि अगदी शांत दिसत होते.

विमान टेकलं तेव्हा हौसाबाई जागी झाली. "आलं व्हय?" असं म्हणत तिनं पदर नीट केला, गळ्यातलं पाकीट चाचपलं आणि उभं राहायची घाई करू लागली. पोराला भेटायची घाई. पुढची माणसं पिशव्या काढून वाटेत उभी राहिली. दार उघडलं, रांग हलली, आमच्या ओळीची पाळी आली.

पारसशेठांनी उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. दुसऱ्यांदा केला, तेही अर्ध्यावर राहिलं. पायांत जीवच नव्हता. ते खाली बसले, हसले आणि डावा हात माझ्यापुढे धरला.

"मास्तर," ते म्हणाले, "जरा हात द्या."

इतक्या वर्षांच्या शेजारात या माणसानं माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी दोन्ही हात दिले.